ताटाची उजवी बाजू

दार लोटून आत गेले आणि आधी डोळ्यांत भरलं ते हे, की सरांना मिशा नव्हत्या.

खिडकीशी वेताच्या खुर्चीत ते बसले होते. उजवा हात मांडीवर, कुणीतरी उचलून ठेवल्यासारखा. अंगात इस्त्रीचा सदरा, केस नीट विंचरलेले, आणि नाकाखाली नुसती उघडी, फिकट कातडी. कॉलेजात आम्ही पोरं त्यांना पाठीमागे ‘कंस’ म्हणायचो. मिशांचा आकार छापील कंसासारखा होता म्हणून, आणि दरारा दुसऱ्या कंसासारखा होता म्हणूनही.

“काकू, मिशा कुठं गेल्या?”

“काढल्या गं,” काकू म्हणाल्या. “जेवताना घास अडकायचा, मग पुसत बसायचं. न्हाव्यालाच घरी बोलावलं. आधी विचारलं हं त्यांना. हो म्हणाले.”

“सर हो म्हणाले?”

“बोट ठेवलं ना ‘हो’वर. तुझ्याच तक्त्यावर.”

सर माझ्याकडे बघत होते. मी जवळ जाऊन वाकले तसे म्हणाले, “बरं.”

तेवढा एकच शब्द त्यांच्याजवळ उरला होता. पाणी हवं असलं तरी बरं, पाय दुखला तरी बरं, रागावले तरी बरंच. फक्त सूर बदलायचा.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माधव हेर्लेकर हे माझे कला महाविद्यालयातले शिक्षक. ते मांडणी शिकवायचे. म्हणजे छापायच्या पानावर काय मोठं, काय लहान, काय कशाच्या शेजारी आणि किती जागा मोकळी सोडायची, हे सगळं. पुढं मी कोल्हापुरातच स्वतःचं काम सुरू केलं. दुधाच्या पिशव्या, साखर कारखान्यांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. पण काम कुठलंही असो, पूर्ण होत आलं की मी ते राजारामपुरीतल्या सरांच्या घरी घेऊन जायची. ते आधी कागद उलटा धरायचे. अक्षरं वाचता येऊ नयेत म्हणून. मग डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, “मगदूम, यात पहिलं काय आहे? दुसरं काय आहे? आणि हे बाकीचं इथं कशाला जमलंय?” सगळं ठळक केलं असलं की विचारायचे, “सगळेच ओरडायला लागले तर ऐकायचं कुणाचं?” काकू आतून चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, “बिचारीला बसू तरी द्या.”

पहिल्या खेपेला हो म्हणालेले सर मी कधी बघितले नव्हते.

गौरी-गणपतीच्या सुमाराला त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालावं लागायचं, आणि बोलणं गेलं. वाचणंही जवळजवळ गेलंच, मोठ्या अक्षरातले ओळखीचे शब्द तेवढे उमगायचे. बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की मान हलवण्यावर विसंबू नका. अशा माणसांची मनात ‘हो’ असताना मान ‘नाही’ म्हणून हलते, आणि उलटंही होतं. त्यापेक्षा बोटानं दाखवू द्या. त्यासाठी त्यांनी एक झेरॉक्स दिली होती. तिच्यावर सुपारीएवढाली इतकी चित्रं दाटलेली, की चांगल्या माणसालाही त्यातून पेला शोधावा लागला असता.

अमोघनं, सरांच्या मुलानं, मला फोन केला. तो बंगळूरला नोकरीला. झटका आल्यापासून रजा काढून इथंच होता.

“वैजूताई, बाबांना तो कागद जमत नाही. तू काहीतरी नीट करून दे ना.”

मी करून दिला. जीव ओतून केला. चित्रं थोडीच ठेवली. दोन रांगा, डावीकडे पाणी, चहा, बाथरूम, उजवीकडे चष्मा, पंखा, झोप. मध्ये भरपूर मोकळी जागा. आणि सगळ्यांत खाली दोन मोठी वर्तुळं. डावीकडे हिरव्यात ‘हो’, उजवीकडे लाल रंगात ‘नाही’. तागडीसारखं समतोल पान. सर बरे असते तर त्यांनीही उलटं धरून मान डोलावली असती, असं मला वाटलं होतं.

आणि सरांना तो जमला. विचारलं की डावा हात उचलून बोट ठेवायचे. अमोघला हायसं वाटलं.

त्या दिवशी मी त्याच तक्त्याच्या प्लास्टिक चढवलेल्या दोन प्रती घेऊन गेले होते. सर आणि काकू रविवारी बंगळूरला निघणार होते, कायमचे. सामान नेणारा ट्रक ठरला होता. बाहेरच्या खोलीत खोकी रचलेली होती. काकू याच खोलीत दुपारी बायकांना शिवण शिकवायच्या, त्यांचं मशीन चादरीत गुंडाळून सुतळीनं बांधून ठेवलं होतं.

“हे पण नेणार?” मी विचारलं.

“तिथं कुठं ठेवणार? पलीकडच्या पाटलांच्या सुनेला देते.”

एवढं बोलून काकू खोक्यात पातेली भरायला लागल्या. प्रत्येक पातेल्यात वर्तमानपत्राचा बोळा घालायच्या.

अमोघ आतून आला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. रात्रीचं सरांना उठवणं-बसवणं तोच करत होता.

“तिथं माझ्या इमारतीला लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे,” तो मला म्हणाला, जणू मी काही विचारलं होतं. “इथं दुसरा मजला. आई एकटी काय करणार? आणि मी काही त्यांना उचलून नेत नाही, वैजूताई. मी तीनतीनदा विचारलं बाबांना. दर वेळी हो.”

“मिशांना पण हो म्हणाले,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“काही नाही. मी एक विचारून बघू?”

मी सरांच्या समोर स्टुलावर बसले, जुना तक्ता त्यांच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, “सर, मी नववीत शिकते का?”

सरांच्या कपाळाला आठी पडली. डोळे तक्त्यावर फिरले. बोट खाली आलं, जरा घुटमळलं, आणि ‘हो’वर थांबलं.

“बरं,” ते म्हणाले. हे ‘बरं’ चिडलेलं होतं.

“सर, काकूंचं नाव शांताबाई आहे?” काकूंचं नाव प्रमिला.

पुन्हा ‘हो’.

अमोघ भिंतीला टेकला. मग हळू आवाजात म्हणाला, “आलं लक्षात. त्यांना काही कळतच नाही. मी उगीच विचारतोय आणि उगीच खूश होतोय.”

“हळू बोल, ते ऐकतायत,” काकू म्हणाल्या.

“आई, ऐकतायत म्हणजे समजतंय असं नाही ना.”

सर अमोघकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मला फार वाईट वाटलं. प्रश्न विचारायला नको होते असं झालं. आतापर्यंत निदान त्यांना विचारत तरी होते. आता तेही बंद होणार, आणि ते मी केलं होतं.

अमोघ ट्रकवाल्याला फोन करायला गच्चीत गेला. काकूंनी सरांचं ताट वाढायला घेतलं, तसं मला म्हणाल्या, “तू पण बस. जेवल्याशिवाय जायचं नाही.”

काकूंचं वाढणं पहिल्यापासून टापटिपीचं. हॉस्पिटलातून आणल्यावरही त्यात फरक नव्हता. वरती मध्ये मीठ. डावीकडे लिंबाची फोड, शेंगदाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर. उजवीकडे भरलं वांगं आणि आमटीची वाटी. खाली भाताची मूद. भाकरीचे तुकडे डावीकडे, कारण आता डाव्या हातानं जेवायचे. मला कॉलेजातला पहिला तास आठवला. सरांनी फळ्यावर ताट काढलं होतं आणि म्हणाले होते, “तुमच्या आयांना मांडणी येते. तुम्ही ती इथं येऊन विसरू नका म्हणजे झालं.”

सर चमच्यानं जेवू लागले. मी त्यांच्या समोर बसून माझं जेवत होते. थोड्या वेळानं सरांनी चमचा ठेवला, पाणी प्यायले आणि मागं रेलले.

“झालं?” काकू म्हणाल्या. मग मला, “बघ, भाजीला हात नाही. वांग्यावर किती जीव होता. आता रोज हेच. चटणी खातील, कोशिंबीर चाटूनपुसून खातील, भाजी-आमटी तशीच. तोंडाची चवच गेलीय.”

त्यांनी ताट उचलायला हात पुढे केला.

“थांबा,” मी म्हणाले.

ताटाकडे बघताना नकळत माझे डोळे बारीक झाले होते. सवय, दुसरं काही नाही. पण डोळे बारीक केल्यावर ते ताट राहिलं नाही, पान झालं. डावा अर्धा भाग कोरा, उजवा अर्धा भाग गच्च. भाताची मूदही मधोमध चिरल्यासारखी, डावी बाजू संपलेली, उजवी तशीच उभी. भात काही न आवडण्यासारखा नव्हता. एकच भात होता तो. अर्धाच का खाल्ला?

“काकू, रोज असंच उरतं? भातसुद्धा?”

“हो गं. अर्धाच खातात. भूक कमी झालीय.”

मी उठून सरांच्या बाजूला गेले. ताटाला दोन्ही हात लावले आणि ते जागच्या जागी अर्धं फिरवलं. वांगं डावीकडे आलं.

सर ताटाकडे बघतच राहिले. पुढं वाकले. त्यांनी मान वर करून काकूंकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. ही भाजी मला आतापर्यंत का वाढली नाही, असा सरळ जाब होता तो.

“बरं!” ते म्हणाले, चमचा उचलला आणि वांगं फोडलं.

त्यांनी दोन्ही वांगी खाल्ली. उरलेला भात आमटीत कालवून खाल्ला. काकू टेबलाशेजारी तशाच उभ्या होत्या. मग टेबलाच्या टोकाशी बसल्या. तोंडाला पदर लावून म्हणाल्या, “वैजू, अगं, उपाशी ठेवलं मी त्यांना.”

“काकू, तसं नाही. त्यांना दिसतच नव्हतं.”

अमोघ गच्चीतून आला तेव्हा मी त्याला रिकामं ताट दाखवलं. त्याला आधी काही उमगलं नाही. मग मी सरांच्या उजव्या बाजूनं हळूच हात पुढं नेला. गालापर्यंत नेला, तरी सरांनी बघितलं नाही. नाकाच्या रेषेच्या पलीकडे हात आला तेव्हा ते दचकले.

अमोघनं लगेच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर शांतपणे बोलले. ते म्हणाले, डोळे चांगले आहेत, पण झटका ज्या जागी आला तिथून उजव्या बाजूचं चित्र मेंदूपर्यंत पोचत नाही. दोन्ही डोळ्यांचं. आणि माणसाला काही दिसत नाहीये हेच मुळात जाणवत नाही, त्यामुळे तो मान वळवून बघायलाही जात नाही. घरी सोडतानाच याबद्दल बोलणं झालं होतं.

अमोघनं कपाळावर हात मारला. “डोळ्यांचं काहीतरी म्हणाले होते. मला वाटलं चष्म्याचा नंबर. त्या दिवशी इतकं काय काय सांगत होते...”

“म्हणजे तक्ता,” काकू म्हणाल्या.

त्यांच्याच आधी लक्षात आलं. आम्ही तिघांनीही एकदमच सरांच्या मांडीवरच्या तक्त्याकडे बघितलं. डावीकडे ‘हो’. उजवीकडे ‘नाही’.

“त्यांच्या पानावर ‘नाही’ नव्हतंच,” मी म्हणाले.

खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला.

मी एका खोक्यातून सरांचा ड्रॉइंगचा जाड कागद काढला आणि काकूंची शिवणाची कात्री मागितली. दोन चिठ्ठ्या कापल्या. जाड स्केचपेननं एकीवर ‘हो’ लिहिलं, एकीवर ‘नाही’. मग मोठा कागद सरांच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवला आणि त्याच्या डाव्या कडेला दोन्ही चिठ्ठ्या एकाखाली एक मांडल्या. उजवीकडचा सगळा कागद मोकळा.

अमोघ म्हणाला, “हे असं एकाच बाजूला? विचित्र दिसतंय.”

“तुला दिसतंय. त्यांना हेच पूर्ण पान आहे.”

सर वाकून बघत होते. त्यांचा डावा हात वर आला. मला वाटलं बोट ठेवणार. पण त्यांनी ‘नाही’ची चिठ्ठी बोटानं खाली ढकलली, बोटभर. पुन्हा बघितलं. अजून जराशी खाली. मग तिची डावी कड ‘हो’च्या कडेशी जुळवली. ती सरळ रेषेत येईपर्यंत त्यांचं समाधान झालं नाही. मग मागं रेलून त्यांनी डोळे बारीक केले.

माझ्या कामात खोट काढायला सर परत आले होते.

“दोन्ही चिकटून पडल्या होत्या, नाही का, सर?” मी म्हणाले. “बोट चुकलं असतं.”

“बरं,” सर म्हणाले.

मी विचारलं, “सर, मी नववीत शिकते का?”

बोट ‘नाही’वर आलं आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, कॉलेजात शाई सांडल्यावर बघायचे तसं.

“काकूंचं नाव शांताबाई?”

‘नाही.’

“प्रमिला?”

‘हो.’

काकू एकदम पुढं सरकल्या. “मिशा? अहो, मिशा काढायच्या होत्या का तुम्हाला?”

सरांनी ‘नाही’वर बोट ठेवलं. उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा. टेबल वाजायला लागलं.

काकू हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. “आणि ती संध्याकाळची मालिका? रोज आम्ही लावून देतो ती? हो म्हणायचात ना?”

‘नाही.’

“गोड दलिया?”

‘नाही.’

“मग काय ते दोन महिने गिळलंत हो!”

“बरं,” सर म्हणाले, आणि त्या ‘बरं’मध्ये हसू होतं. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण हसत होती. एकामागून एक ते ‘नाही’ म्हणत सुटले. दुधात हळद, नाही. पायात मोजे, नाही. दुपारी पडदा ओढणं, नाही. इतक्या दिवसांचे साठलेले नकार. मध्येच पाण्याला ‘हो’ म्हणाले, तेव्हा काकूंनी टाळी वाजवली.

अमोघ मात्र हसत नव्हता. तो हळूहळू पुढं आला आणि सरांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला. डाव्या बाजूला, त्यांना दिसेल असा. मला ते बरं वाटलं.

“बाबा,” तो म्हणाला. “बंगळूरला माझ्याकडे यायचं?”

काकूंचं हसणं थांबलं. मी त्या बोटाकडे बघत होते. खरं सांगायचं तर मला उत्तर ठाऊक होतं असंच मी धरून चालले होते. ज्या माणसानं मोज्यांना नाही म्हटलं तो शहर सोडायला काय म्हणणार? अमोघलाही ठाऊक असावं. त्याचे खांदे आधीच पडले होते.

सरांनी बोट उचललं. ते दोन्ही चिठ्ठ्यांच्या वर अधांतरी राहिलं. त्यांनी अमोघच्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ. वाढलेली दाढी, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. मग त्यांनी बोट ठेवलंच नाही. हात पसरून कागदाची कड धरली आणि तो सगळा कागद टेबलावरून बाजूला ढकलला.

“नको विचारू आता,” मी अमोघला म्हटलं. “दमले असतील.”

कागद टेबलाच्या त्या टोकाला गेला होता, काकू बसल्या होत्या तिथं. काकूंनी चिठ्ठ्या सारख्या केल्या आणि तो उचलून परत सरांपुढं ठेवला.

“असं करू नका. पोरगा विचारतोय. सांगा त्याला काय ते.”

सरांनी तो पुन्हा ढकलला. या वेळी हळू, चिठ्ठ्या हलू नयेत अशा बेतानं. काकूंच्या हाताशी नेऊन सोडला. आणि मग कागद फिरवला. कडेला धरून, थोडाथोडा करत, ‘हो’ आणि ‘नाही’ काकूंच्या बाजूनं सुलटे होईपर्यंत.

“मला काय देताय?” काकू म्हणाल्या.

“बरं?” सर म्हणाले. वर चढत गेलेलं, टोकाशी थांबलेलं ‘बरं’. तो प्रश्न होता.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं, फक्त खरं वाटत नव्हतं. “मला विचारताय?”

सरांनी कागदावर बोटानं टकटक केलं.

काकूंना बोलता येत होतं. दिवसभर त्या बोलतच असायच्या. पण त्या वेळी त्यांच्या तोंडून शब्द निघेना. त्यांनी खिडकीकडे बघितलं, रचलेल्या खोक्यांकडे बघितलं, अमोघकडे बघायचं टाळलं. मग मांडीवरचा हात वर आला. पातेली भरून भरून बोटांना छापील कागदाची शाई लागली होती. त्यांनी तर्जनी ‘नाही’वर ठेवली आणि तशीच ठेवून राहिल्या.

सरांनी आपला डावा हात त्यांच्या हातावर ठेवला.

अमोघ म्हणाला, “आई, तू एकदाही बोलली नाहीस.”

“तू त्यांना विचारत होतास रे,” काकू म्हणाल्या.

त्यात राग नव्हता. जे झालं ते सांगितल्यासारखं त्या म्हणाल्या. अमोघ उठला, त्यानं चपला घातल्या आणि बाहेर गेला. मी चहा ठेवला. तो रंकाळा तलावापर्यंत चालत गेला होता, असं नंतर कळलं. दिवेलागणीला परत आला तेव्हा हातात कागदाचा पुडा होता, त्यात सरांना आवडणारी तिखट भजी होती. पुडा त्यानं सरांच्या डाव्या हाताशी सोडला आणि खोक्यातली पातेली बाहेर काढायला बसला. काकू म्हणाल्या, “अरे, उद्या काढू.” तरी काढत राहिला.

ट्रक आला नाही. अमोघनं आणखी रजा घेतली. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेतले, दिवसभर थांबणारा एक माणूस शोधला, आणि सरांना खुर्चीत बसवून जिन्यानं कसं न्यायचं ते त्या माणसाला शिकवलं. मग तो बंगळूरला गेला आणि महिन्या-दीड महिन्यानं येत राहिला. त्याला ते सोपं गेलं नाही. एकदा मला म्हणाला होता, “तिथं सगळं तयार करून ठेवलं होतं गं मी. त्यांच्या खोलीला रंगसुद्धा दिला होता.” चूक कुणाचीच नव्हती.

सर त्यानंतर पाच-सहा वर्षं होते. हात परत आला नाही. मान वळवून बघायला मात्र शिकले, आणि थोडे शब्दही आले. मी कामं दाखवायला नेतच राहिले. ते कागद उलटा धरायचे, आणि ‘नाही’ म्हणायला त्यांना चिठ्ठी लागायची नाही.

सर गेले त्याच्या पुढच्या दिवाळीत अमोघ कोल्हापूरला आला होता. फराळाला काकूंनी मलाही बोलावलं होतं. आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत बसलो होतो. चकल्यांचा डबा मध्ये होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग अमोघनं हातातली बशी खाली ठेवली.

“आई,” तो म्हणाला, “तुला काय वाटतं? माझ्याकडे येऊन राहावंसं वाटतं का तुला?”

काकू विचार करत होत्या, आणि अमोघ गप्प बसून वाट बघत होता.